आंटी, बॉडी

"आंटी, बॉडी है, ठंडे में रखना," दारातला माणूस म्हणाला, आणि विळीवर घोळ माशाचं डोकं अर्धं चिरलेलं तसंच राहिलं. शनिवार होता, सकाळचे अकरा वाजलेले, गल्लीत वाकट्या सुकायला उन्हात टांगलेल्या, सगळं जागच्या जागी. कोणाची, असं मी त्याला विचारलं नाही. ज्या घरात एकदा बॉडी येऊन गेलेली असते त्या घरातल्या बाईला विचारावं लागत नाही, तिच्या पोटातून नाव आपोआप वर येतं. माझ्या पोटातून हेमांगीचं नाव वर आलं, कारण पोटची म्हणून आता तेवढीच उरलेली आहे, आणि सकाळी सातला ती भांडून बाहेर पडली होती. हाताला मासळीचा वास, पदराला पाणी, अशीच मी उभी राहिले. त्या माणसाने पाठीवरच्या पिशवीतून थर्माकोलचा एक खोका काढला. अर्धा डझन अंडी मावतील एवढा. "हेमांगी मॅडम का है ना? अँटीबॉडी. लॅब तीन दिन बंद है, तो मॅडम बोली घर पे दो." तेव्हा माझा श्वास खाली बसला आणि त्याच्या जागी राग आला. "आंटी तुझ्या घरी," मी म्हटलं, "दारात उभा राहून बॉडी बॉडी करतोस, जीभ सडेल तुझी." "मैं क्या बोला, आंटी?" तो म्हणाला आणि फोन पुढे केला, काचेवर बोटाने सही करा म्हणून. मी तिसरीपर्यंत शिकले आहे, सही मला येते, पण बोटाने नाही. मासळीच्या ओल्या बोटाने मी एक रेघ ओढली. त्याने ती पुसली नाही, फोन पुसला. समोरच्या ओट्यावरून सखुबाई मान लांब करून विचारत होती, "कोणाची गो बॉडी, सुंदरे?" चार वर्षांपूर्वी या घरात बॉडी आली तीही आधी तिनेच पाहिली, याचा तिला अभिमान आहे. "सशाची," मी म्हटलं. "येतेस खांदा द्यायला?"

सशाची हे मी खोटं नाही सांगितलं. आठ दिवसांपूर्वी जेवताना हेमांगीने मला सगळं समजावलं होतं, मी विचारलेलं नसताना. ती पवईला एका लॅबमध्ये काम करते, पांढरा कोट घालते, आणि आईला काही कळत नाही असं धरून बोलते. सशाला म्हणे काहीतरी टोचतात. त्याच्या रक्तात त्या एकाच वस्तूची ओळख तयार होते. मग ते रक्त काढून, गाळून, त्यातली ती ओळख तेवढी बाटलीत भरतात. ती कुठेही सोडा, ती आपली वस्तू शोधत जाते आणि सापडली की चिकटते, दुसऱ्या कशाला हात लावत नाही. सापडली तर पट्टीवर काळी रेघ उठते, नाही सापडली तर पट्टी कोरी. "आणि ती वस्तू कोणती?" मी विचारलं. "अंगातली चरबी जाळणारं एक एन्झाइम," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघून बोटीच्या भाषेवर आली. "आये, समज टाकी डिझेलने भरलेली आहे. इंजिन चांगलं आहे. पण मधली नळीच नाही. घाटावर उभी आहे तोवर कळणार नाही. पण लांब गेलं, वर जेवण नाही, थंडी, त्यात जाळं ओढायचं, की टाकीतलं डिझेल लागतं. ते इंजिनाला पोचत नाही. मग अंग स्वतःचं मांस जाळायला लागतं. ते लघवीतून काळं पडतं, चहासारखं." बाजूला तिचा बाप तुळशीदास भाताचा घास घेऊन थांबला. आमच्या अल्पेशची लघवी शेवटी तशी झाली होती, तेव्हापासून चहासारखं हा शब्द आमच्या घरात चार वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. आम्ही चहालाही 'पाणी ठेव' म्हणतो. "अल्पेशदादात ते एन्झाइम नव्हतं असं मला वाटतं," ती म्हणाली. "वाटतं?" मी म्हटलं. "नवरा कर, मग वाटून घे." तुळशीदास उठला, ताट तसंच ठेवून बंदरावर जाळी विणायला गेला. तो आता घरी फक्त जेवायला येतो, आणि त्या दिवशी तेवढंही नीट झालं नाही.

खोका मी ओट्यावर ठेवला, तेवढ्यात तिचा फोन. "आये, आलं का?" "आली तुझी बॉडी." "कसली बॉ... अगो, अँटीबॉडी. नीट ऐक. फ्रिजमध्ये ठेव, मधल्या कप्प्यात. वर फ्रीजरमध्ये नाही. आणि तुझ्या बर्फात तर मुळीच नाही." "का, माझा बर्फ चावतो?" "चावतोच. एकदा गोठलं की मेलं ते." "मेलेलं कळतं कसं?" "बघून नाही कळत. दिसायला तसंच राहतं." तिच्या मागे भांडी वाजत होती आणि कोणीतरी लहान पोरगी एका ओळीत अडखळून परत परत तीच कविता म्हणत होती. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता आणि तरी होता. "कुठे आहेस तू?" "गोवंडीला." "गोवंडीला आपलं कोण मेलंय?" "मेलं नाही, आये. आहेत. वहिनी आहे, प्रांजल आहे. चारला येते मी." तिने फोन ठेवला. वहिनी म्हणजे माधुरी, माझी सून, माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. बाहेरची आणायची, तिला आपलं घर शिकवायचं, तिच्या आईची तोंडं बघायची, हे मला नको होतं. म्हणून मी भावाच्या घरात शब्द टाकला आणि लग्नात मांडवभर सांगत फिरले की आमचं रक्त आमच्याच घरात राहिलं. आता हेमांगी म्हणते, तेच नडलं. अर्धी चूक माझ्यात, अर्धी तुळशीदासमध्ये, ती अल्पेशमध्ये पूर्ण झाली. माझ्या भावातली अर्धी माधुरीत आली. आणि दोघांची मिळून त्यांच्या पोरीत, प्रांजलमध्ये. सहा वर्षांची पोर. शाळेत धावली की पाय दुखतात, एकदा लघवी काळी झाली. रक्ताचा रिपोर्ट आला त्यात लिहिलंय की एक अक्षर चुकलेलं आहे, पण त्या चुकीने बिघडतं की नाही ते सांगता येत नाही. मी आयुष्यभर अक्षरं चुकवली, कोणाचं काही बिघडलं नाही. त्यांच्या अक्षराने माणूस मरतो. म्हणून हा ससा. आधी अल्पेशमध्ये शोधणार, त्याच्या कशात ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, मग प्रांजलमध्ये. बापाची पट्टी कोरी आली तर लेकीचं काय करायचं ते डॉक्टरला कळेल.

मी खोक्याची पट्टी विळीनेच कापली. आत निळ्या पाण्याच्या गार पिशव्या, त्यांच्या पोटात प्लास्टिकची डबी, डबीत करंगळीच्या पेराएवढी बाटली, आणि बाटलीत तळाशी पाणी. रंग नाही, वास नाही. कोळंबीच्या डोळ्यात याहून जास्त ओल असते. एवढ्याला विमान लागतं, खोका लागतो, सही लागते. मासळी मी कल्ला उघडून ओळखते. ताजी, कालची, बर्फात चार दिवस ठेवून वर पाणी मारलेली, मला कोणी फसवून दाखवावं. ही बाटली मी उन्हात धरली, आडवी केली, कानाशी हलवली. ती माझ्याकडे बघत होती म्हटलं तर खोटं, पण मला बघितल्यासारखं झालं. ओळख पटवायला आलेली होती ती. हॉस्पिटलात मलाही तेच सांगितलं होतं, ओळख पटवा. चादर खाली केली आणि एक बाई कागद घेऊन उभी, नाव सांगा, नातं सांगा. एकोणतीस वर्षांचा मुलगा, नातं काय सांगायचं. त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरने विचारलं होतं, "हा किती वेळ उपाशी होता?" साधा प्रश्न, मान वर न करता विचारलेला, पेन तयार. माझ्या बाजूला माधुरी उभी होती, दोन वर्षांची प्रांजल तिच्या कडेवर. मार्गशीर्षातला गुरुवार नुकताच होऊन गेला होता. मी म्हटलं, "बायकोने उपास धरायला लावला. गुरुवारचा. रिकाम्या पोटी गेला बोटीवर." डॉक्टरने ते लिहिलं. माधुरीने माझ्याकडे पाहिलं आणि पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. आत्यासमोर तोंड उघडायचं नाही हे तिला तिच्या बापाने शिकवलं होतं, आणि त्याला मी. मग तेच वाक्य मी घाटावर सांगितलं, बाजारात सांगितलं, सखुबाईला सांगितलं म्हणजे सगळ्या वेसाव्याला सांगितलं. तेराव्याला ती पोरीला घेऊन गोवंडीला मावशीकडे गेली. मी अडवलं नाही. एखादी गोष्ट शंभर माणसांनी सांगितली की ती आपण सांगितलेली राहत नाही, ती झालेली होते.

अल्पेश लहानपणापासून खायचा फार आणि सावकाश. सगळ्यांची ताटं धुऊन व्हायची, हा अजून भात चिवडत असायचा, जसा काही बोटीवर कोणी वाट बघत नाही. मी म्हणायचे, घाई कर, तू जेवतोस तेवढ्यात भरती येऊन जाते. दहा-अकराचा असताना मासळीच्या पाट्या उचलून झाल्या की पाय धरून बसायचा, आये, आतून पिळतंय. मी म्हणायचे, हाडात आळस भरलाय, तो पिळून निघतोय. आमच्या घरात आळशी कोणी जन्मला नव्हता, हा कुठून आला असं मला वाटायचं, आणि आळसाला माझ्याकडे एकच औषध होतं. काम नाही तर जेवण नाही. माझ्या सासूने मला तेच दिलं, मी त्याला दिलं. एक वेळ उपाशी ठेवलं की दुसऱ्या दिवशी पोरगा सरळ येतो, असं मी बाकीच्या बायांनाही सांगायचे, आणि तो यायचाही, पिवळा पडून, भिंतीला धरून, पण यायचा. आता हेमांगीने इंजिन आणि नळी सांगितल्यापासून त्या सगळ्या रात्रींची न वाढलेली ताटं माझ्यासमोर येऊन बसतात. मी त्यांना बोलावलेलं नाही. शेवटच्या फेरीला निघाला त्या दिवशी तो म्हणाला होता, आये, मी बोट सोडतो, अंधेरीला गोदामात जागा आहे, बसून काम आहे. बसून काम. बोट हाकणाऱ्या तांडेलाचा नातू, तांडेलाचा मुलगा, बसून काम करणार. अंगात कणकण होती त्याच्या, मला दिसत होतं. उपास माधुरीने तिचा तिने धरलेला, त्याच्यासाठी मात्र डबा भरला होता, तीन भाकऱ्या, वर बटाट्याची भाजी. तो दारात डबा घ्यायला वाकला आणि मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, बोट सोडणाऱ्याला या घरची भाकरी नाही, जा, गोदामात जेव. तो हसला. माझं नाक आणि माझा ताठा त्याने दोन्ही घेतले होते. बोटीवर दोन दिवस खलाशी त्याला ताट देत राहिले आणि तो नको म्हणत राहिला, उत्तरेचा वारा, जाळं भरून येत होतं. डबा मी फडताळात ठेवला. चौथ्या दिवशी उघडला तेव्हा भाकरीवर केस आलेले होते.

आणि मग त्याला सगळे बॉडी म्हणत होते. त्याचा बाप दुसऱ्या बोटीवर लांब गेलेला, दुसऱ्या दिवशी दुपारी येणार, म्हणून बॉडी ठेवायची होती. हॉस्पिटलात जागा आहे म्हणाले. मी म्हटलं, गारव्यात ठेवायला मला कोणी शिकवू नये. बर्फाच्या चार लाद्या मागवल्या, स्वतः फोडल्या, खाली भुसा, वर बर्फ, वर चादर, कुशीला बारीक चुरा, मानेखाली मोठा खडा. पापलेट सुद्धा कोणी इतकं हळू ठेवलं नसेल. सखुबाई म्हणाली, मीठ टाक थोडं, बर्फ टिकेल. मी तिला तिथेच गप्प केलं. मीठ टाकलं की बर्फ टिकत नाही, चावतो. अंगाला लागला तर कातडी जळते. मला सगळं येत होतं त्या दिवशी. रडणं सोडून सगळं.

बाटली आली त्या शनिवारी दुपारी मी घोळीखालचा टब घेतला. बर्फ चुरून भरला, आणि बरणीतून खडे मीठ घातलं, दोन मुठी, मग तिसरी. हात घातला तर बोटांची अक्कल गेली. बाटली आत खुपसली आणि बाजूला पाय पसरून बसले. फार वेळ लागला नाही. काढली तर तळाचं पाणी पांढरं झालेलं, एक बारीक दगड. मेला. पट्टी कोरी आली असती तर भुकेने मारलं हे ठरलं असतं, आणि उपाशी कोणी ठेवलं हा प्रश्न माझ्या दारात आला असता. सशाने काय काय पाहिलं असतं ते आता तो कोणाला सांगणार नाही, गुरुवार गुरुवारच राहील, आणि माधुरी गोवंडीलाच. मग मी मूठ बंद केली आणि त्याला वितळू दिलं, पदराने पुसलं, डबीत घातलं, डबी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात कोथिंबिरीच्या बाजूला ठेवली. दिसायला तशीच. खरंच तशीच. मला त्याचा राग आला. मेलेला मासा तरी डोळ्यातून सांगतो.

हेमांगी चारला आली. चप्पल काढायच्या आधी फ्रिज उघडला, बाटली उजेडात धरली. "बरं झालं, आये," ती म्हणाली, "मला येताना सारखं वाटत होतं तू काहीतरी करशील." "मी काय करणार, मी अडाणी." ती पिशवी भरत बोलत राहिली. प्रांजल म्हणे शाळेत दोन डबे नेते, दर तीन तासांनी खायला लागतं, रात्री माधुरी गजर लावून उठवते आणि दूध देते. डॉक्टरने नक्की सांगितलेलं नाही, पण ती भिऊन करते. "मंगळवारी लॅब उघडली की लावते," हेमांगी म्हणाली. "सर म्हणालेत, नीट कर. दुसऱ्यांदा करायला मिळणार नाही." "का नाही मिळणार?" "दादाच्या मांडीतला हॉस्पिटलने घेतलेला तुकडा वालाच्या दाण्याएवढा उरलाय. एकदाच पुरेल. तो कुटला की संपला." "आणि कोरी आली तर?" "बाजूला माझाही नमुना लावणार ना. माझ्यात रेघ आली आणि त्याच्यात नाही, तर समजायचं. माझ्यातही नाही आली, तर औषधच मेलेलं होतं. पण तोवर दादा गेलेला असेल."

तोवर दादा गेलेला असेल. ती हे इतक्या सहज म्हणाली की तिला स्वतःला ऐकू आलं नाही. मी धरून चालले होते की तो गेला, सगळा गेला, चार लाद्या बर्फासकट. फोटो आहे, त्याची टोपी आहे, बाकी राख मीच सोडली. आणि वालाच्या दाण्याएवढा तो कुठेतरी गारव्यात होता, माझ्या हातच्या नसलेल्या गारव्यात, मीठ न घातलेल्या, चार वर्षं, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मंगळवारी त्याला कुटणार आणि मेलेल्या सशासमोर ठेवणार. ओळख पटवा. आणि तो काही बोलणार नाही. मग प्रांजलला कोणी सांगायचं.

"ठेव ती बाटली खाली," मी म्हटलं. "का?" "मेलीय ती." "तुला काय कळतं?" "मला नाही कळत. मारली मीच. तीन मुठी खडे मीठ."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं पडलं असतं, आमच्या घरात ओरडण्याला उत्तर असतं. ती टबाकडे बघत राहिली, मग माझ्या लाल झालेल्या बोटांकडे. "का, आये?" मी विळी बाजूला सारली. "सशाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐक. गुरुवार नव्हता. म्हणजे गुरुवार होता, पण उपास तिचा होता, त्याचा नव्हता. त्याच्यासाठी तिने डबा भरला होता. मी काढून घेतला. अंगात कणकण होती त्याच्या, तरी काढून घेतला. डॉक्टरला मी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे." ती विळीजवळच खाली बसली, पांढऱ्या कोटाची पिशवी मांडीवर धरून. टबातलं मिठाचं पाणी वाट काढत तिच्या पायापर्यंत आलं, तिने पाय उचलला नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आये, डबा दिला असतास तरी कदाचित..." "कदाचित तुझ्याकडे ठेव," मी म्हटलं. "माझी सोडवणूक करायला नाही सांगितलं तुला. दुसरा ससा मागव." "सहा आठवडे लागतात." "लागू दे. त्याला कुटू नको तोवर. आणि माधुरीला फोन लाव." "तू बोलणार?" "लाव म्हटलं ना. मध्ये तोंड घालू नको."

घंटा वाजत राहिली. समोरच्या ओट्यावर सखुबाई वाकट्या उलटत होती आणि एकही वाकटी बघत नव्हती. मी तिच्याकडे पाठ केली नाही. ऐकू दे. तिने जे गावभर वाटलं ते तिलाच परत गोळा करायचं आहे. "हां, हेमांगी," माधुरीचा आवाज आला. चार वर्षांत तो जाड झाला होता. "हेमांगी नाही," मी म्हटलं. तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. लग्नानंतर ती मला आये म्हणायची, सगळ्या सुना म्हणतात तसं. आता म्हणाली, "आते." लग्नाआधीचं. त्यात माया नव्हती. नातं बदलून घेतलं होतं तिने, एवढंच. "आते, प्रांजल जेवतेय. तिचं मध्ये तोडायचं नसतं. तिचं होऊ दे, मग काय ते बोल."

फोन तिने बंद केला नाही. ठेवला असेल कुठेतरी, ओट्यावर, ताटाशेजारी. मला चमचा ऐकू येत होता. थोडा वाजायचा, मग थांबायचा, मग कोणीतरी चावत असायचं, मग परत. फार सावकाश जेवत होती पोरगी. माझ्या तोंडात शब्द आला होता, इतकी वर्षं त्याच जागी असलेला, आणि मी ओठ मिटून घेतले. विळीवर घोळ तशीच होती, डोकं अर्धं चिरलेलं. मी फोन कानाला धरून बसले, आणि घाई कर असं कोणाला म्हटलं नाही.